इंजिन तुमच्याकडे, गाडी माझ्याकडे

९ जानेवारी

काका,

पत्राच्या सुरुवातीला मानाचं काहीतरी लिहायला घेतलं होतं. पण बाबा म्हणायचे, तसलं काही दिसलं की तुम्ही पत्र तिथंच ठेवून देता. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मला इंजिन पाहिजे.

मी तुमच्या दादाची मुलगी. लहानपणी तुमच्या पायाच्या अंगठ्यावर हातोडी घातली होती ती. अजूनही हातोडीच चालवते, फक्त आता पत्र्यावर. माझं स्वतःचं गॅरेज आहे. ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या आणि रंगवायच्या, हा धंदा. हाताखाली दोन माणसं आहेत आणि दोघंही मला घाबरून असतात.

बाबा गेले त्या दिवशी तुम्ही आलात, अंगणात उभे राहिलात, ताडपत्रीखालच्या गाडीकडे बघितलंत आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेलात. मला फार राग आला होता. मग वाटलं, इतक्या वर्षांनी आले, हेही काही कमी नाही.

ती ताडपत्री मी आता काढली आहे. दोन दारं, दोन जागा, मागून उतरत गेलेलं छत. काय देखणी गाडी आहे हो! कारखान्यानं असल्या मोजक्याच गाड्या काढल्या आणि मग कारखानाच बंद पडला, एवढं मला ठाऊक आहे. बॉनेट उघडलं तर आत रिकामी खोली.

लोक घर वाटून घेतात, दागिने वाटून घेतात. तुम्ही दोघा भावांनी शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी वाटून घेतलीत. दादाला गाडी, तुम्हाला इंजिन. काय मिळवलंत? एकाकडे न चालणारी गाडी आणि दुसऱ्याकडे कुठंच न जाणारं इंजिन.

दुसरं एखादं इंजिन बसवून दे, असं सगळे सांगतात. मला नाही बसवायचं. ही गाडी परत तिच्याच इंजिनावर चालली पाहिजे. बाबांना ते बघायला मिळालं नाही, निदान तुम्हाला मिळू दे.

फोन केला होता. काकू म्हणाल्या, ते फोनवर येत नाहीत, तू पत्र लिही. म्हणून हा खटाटोप.

तुमची पुतणी

२० जानेवारी

हातोडी,

अंगठा अजून वाकडा आहे. थंडीत दुखतो आणि तुझी आठवण येते.

इंजिन मिळणार नाही. वाटणी झाली ती झाली. तुझ्या बापानं मला सगळ्या गल्लीसमोर सांगितलं होतं, ‘तुझं इंजिन एवढं भारी असेल तर घेऊन जा घरी.’ मी घेऊन आलो. मोठ्या भावाचा शब्द मोडायचा नाही असं आमच्या घरी शिकवलं होतं.

फोन करू नकोस. मला ते यंत्र आवडत नाही. पत्रात माणूस जरा विचार करून बोलतो. तू मात्र तसं केलेलं दिसत नाही.

दारांखालच्या पट्ट्या बघितल्यास का? तिथं पाणी साचतं. वरून छान दिसेल आणि आतून चाळण झालेली असेल. सहज विचारलं. त्यात मला काही रस आहे असं समजू नकोस.

काका

२७ जानेवारी

काका,

पट्ट्यांची चाळण झाली होतीच. कापून काढल्या, नव्या पत्र्याच्या घडवल्या. तुम्हाला रस नाही, तरी सांगितलं.

आता एक गंमत. जुनी गाडी रंगवण्याआधी आम्ही दारावर तळहाताएवढी जागा घेतो आणि बारीक पॉलिश पेपरनं सावकाश घासत जातो. रंगाचे थर एकाखाली एक उघडे पडतात, कांद्याची चकती कापल्यासारखे. गाडीचे जेवढे मालक, साधारण तेवढी वर्तुळं. या दारावर वरून लाल निघाला, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यात आत दुधावरच्या सायीसारखा.

त्यावरून मी गाडीचा इतिहास लावला आहे. पहिला मालक कोणीतरी श्रीमंत म्हातारा असणार. म्हाताऱ्यांना फिकट रंग आवडतात. दुसरा लष्करातला, कारण हिरवा. आणि लाल रंग बाबांनी एकट्यानं दिला, कारण काम नीट झालेलं आहे. हे सगळं सुवाच्य अक्षरात पाटीवर लिहून गाडीशेजारी लावायचा विचार आहे. काही हरकत नाही ना?

हातोडी

४ फेब्रुवारी

हरकत आहे!

कसला श्रीमंत म्हातारा? पहिली मालकीण दातांची डॉक्टरीण होती. तिनं कारखान्यात स्वतः जाऊन ही गाडी घेतली, सायीच्याच रंगात. गावाच्या दुसऱ्या टोकाला दवाखाना होता तिचा आणि ती अशी सुसाट जायची की पेशंट दुखरा दात घेऊन खिडकीत उभे राहून तिची वाट बघायचे. पुढं तिला जुळी झाली. गाडीत जागा दोनच. एक मूल मांडीवर आणि एक डिकीत, असं काही करता येईना, म्हणून विकली.

दुसरा लष्करातला नव्हे. फोटोग्राफर होता, पक्ष्यांचे फोटो काढायचा. झाडीत गाडी दिसू नये म्हणून हिरवी केली. पक्ष्यांना दिसली नाही आणि शेवटी त्यालाही दिसली नसावी, कारण एक दिवस तो ती घेऊन थेट आमच्या वडिलांच्या वर्कशॉपच्या भिंतीतून आत आला. बाहेर उतरला, भिंतीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पोट धरून हसला आणि म्हणाला, ‘आता तुम्हीच ठेवा हिला.’ कॅमेरा गळ्यात अडकवून चालत गेला. अशी ती आमच्या घरी आली.

आणि लाल रंग दादानं एकट्यानं दिला? दादानं? अगं, त्याला ब्रश धरता यायचा नाही! दोघांनी मिळून दिला, तीन वेळा घासून. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला बघ, रंगात एक माशी चिकटलेली असेल. मी काढायला गेलो तर दादा म्हणाला, ‘राहू दे रे, तीही येईल शर्यतीला.’ हसून हसून आम्ही खाली बसलो होतो.

शर्यतीचंही नीट लिही, नाहीतर तिथंही काही दिवे लावशील. घाटाचा रस्ता, एकेक गाडी वर सोडायची, सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला. इंजिन मी लावलं होतं, चालवायला दादा. इंजिन असं गात होतं की खाली उभे असलेले लोक गप्प झाले. शेवटच्या वळणावर दादानं ब्रेक फार आधी दाबला. मी तिथंच उभा होतो, डोळ्यांनी बघितलं. दुसरे आलो. ‘भ्यालास का?’ विचारलं, तर म्हणे गाडी एका बाजूला ओढते. माझ्या हातची गाडी ओढते! तिथून पुढचं तुला माहीत आहे.

तू मुद्दाम चुकीचं लिहिलंस हे मला पहिल्या ओळीत कळलं होतं. तुझ्या बापाचाच भाऊ आहे मी. तरी लिहिलं, कारण कोणी खोटं लिहिलेलं मला पाहवत नाही. पाटी दुरुस्त कर.

काका

२२ फेब्रुवारी

काका,

माशी सापडली! अजून आहे, पंखांसकट. माझी दोन्ही माणसं भिंग घेऊन बघून गेली. तेवढा तुकडा मी घासणार नाही.

डॉक्टरीण मला फार आवडली. पाटी बदलली आहे.

आता दुसरं. पुढची चाकं उतरवली, ब्रेक उघडले. डाव्या चाकाकडे जाणारा रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, एक चीर नाही. पण त्यातून तेल जाईना. फुंकर मारली, हवा जाईना. शेवटी मधोमध कापला. आतून फुगून पार बुजलेला. म्हणजे ब्रेक दाबला की उजवं चाक धरणार आणि डावं मोकळंच फिरणार. अशी गाडी उजवीकडे जाणारच.

काका, घाटातल्या त्या शेवटच्या वळणावर दरी कुठल्या बाजूला होती?

हातोडी

१ मार्च

उजव्या बाजूला होती.

पण यातून काही सिद्ध होत नाही. रबर आहे ते. इतकी वर्षं ताडपत्रीखाली पडलेला पाइप बुजेल नाहीतर काय होईल? शर्यतीच्या दिवशी तो तसा होता हे तुला कोणी सांगितलं? उगाच तर्क लढवू नकोस. पत्रा ठोक.

काका

६ मार्च

काका,

पाइपचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मीही आधी तेच म्हटलं. म्हणून चाकाला घासून धरणारे ते ब्रेकचे लायनर काढून बघितले.

दोन्ही बाजूंचे एकाच बनावटीचे आहेत, एकाच दिवशी बसवलेले, आणि तुमच्या सवयीप्रमाणे कडा घासून गोल केलेल्या आहेत. उजवे झिजून खिळ्यांपर्यंत आले आहेत. डावे जवळजवळ नवे, त्यावर छापलेला नंबरही वाचता येतो.

रबर पडून पडून बुजतं, कबूल. पण उभ्या गाडीचे लायनर झिजत नाहीत.

बाबा भ्याले नव्हते, काका. ब्रेक लागला की गाडी दरीकडे ओढत होती, म्हणून त्यांनी तो आधीच दाबला. आणि बाहेरून बघून तो पाइप कोणालाच ओळखता आला नसता. मी तो कापला तेव्हा कळलं. तुम्हा दोघांपैकी कोणाचंच काही चुकलं नव्हतं, एवढंच मला सांगायचं होतं.

हातोडी

३० मार्च

काका,

उत्तर नाही. पोस्टमन गॅरेजवरून सरळ पुढं जातो आणि मी त्याच्याकडे वैऱ्यासारखी बघते.

लायनरचं लिहायला नको होतं का? मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. माझं असंच होतं, दिसलं की बोलून टाकते. रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा हो. छताचा पत्रा सरळ झाला, दारं आता एका बोटानं लागतात. सगळी गाडी प्रायमर लावून उभी आहे आणि बॉनेटखाली नुसती हवा आहे.

हातोडी

३ एप्रिल

अगं हातोडी,

मी काकू. हे बाजारात गेलेत तोवर लिहून टाकते. हे पत्र मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

रागावलेत कसले! तुझं ते लायनरचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग माझ्यासमोर हमसून रडले. ‘दादा खरं बोलत होता गं,’ एवढंच म्हणत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठले आणि इंजिन उघडलं.

ते इंजिन माझ्या बाहेरच्या खोलीत आहे, बरं का. मी लग्न करून आले तेव्हा तिथंच होतं. त्यावर चादर, चादरीवर फुलदाणी. पाहुण्यांना वाटतं कपाट आहे. आता चादर गेली, फुलदाणी गेली, सगळीकडे वर्तमानपत्रं पसरलेली आणि घरभर तेलाचा वास. प्रत्येक भाग धुऊनपुसून परत बसवला. रोज सकाळी हातानं फिरवून बघतात. मला इतकं बरं वाटतंय सांगू!

मग पाठवत का नाहीत? ते तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांना ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला. डाव्यात थोडं उरलंय, तेही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. कानातलं यंत्र आणलं, तर त्यात डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं म्हणून खणात टाकून दिलं. फोनचं कारण तेच. आणि भाऊजी गेले त्या दिवशी तुमच्या अंगणात माणसं त्यांच्याशी बोलत होती, यांना एक अक्षर कळेना. लाज वाटली म्हणून परत आले. तू राग धरू नकोस.

हे इंजिन म्हणे कानानंच लावावं लागतं. ‘लावणारा एकच होता आणि तो बहिरा झाला,’ असं परवा म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

तू काहीतरी कर बाई. आणि मला माझी खोलीही परत पाहिजे.

काकू

७ एप्रिल

काका,

मी वीस तारखेला टेम्पो घेऊन येते आहे. इंजिन बांधून ठेवा.

आणि तुम्हीही यायचं. पत्र्याचं मला कोणीही विचारा, पण इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्यात या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर. एकाला समजावलं की दुसरा रुसणार. मी हात लावला तर गाडी खोकत बसेल आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल. माझ्याकडे वरच्या खोलीत खाट आहे, चहा चांगला मिळतो, दोन्ही माणसं शिव्या खायला तयार आहेत. अजून काय पाहिजे?

हातोडी

१४ एप्रिल

हातोडी,

तुझ्या काकूच्या पोटात काही राहत नाही. चेहऱ्यावरूनच कळलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत पळत जाणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तेव्हा सोंग पुरे. हो, मला ऐकू येत नाही.

तुला कळावं म्हणून लिहितो. ते दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे म्हणजे दोघांचा श्वास वेगवेगळा ऐकू यावा लागतो. एक जरासा जास्त ओढतो, एक मागं राहतो. पूर्वी मी रस्त्यापलीकडे उभा राहून सांगायचो कुठला स्क्रू किती फिरवायचा. परवा इंजिन हातानं फिरवलं, कान टेकवला. भिंतीला कान लावल्यासारखं वाटलं. माझं आयुष्य त्या आवाजात गेलंय गं, आणि आता तो मला येत नाही.

मी तिथं येऊन ठोंब्यासारखा उभा राहणार, तुझी माणसं बघणार, तू दया करणार. नाही जमायचं. मला भीती वाटते, हे तुला सांगतो आणि दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

टेम्पो घेऊन ये. इंजिन तुझं. दादाचं आणि माझं होतं, आता तुझं. चांगला मेकॅनिक बघून लावून घे. मी येणार नाही.

काका

१२ मे

प्रिय काकू,

काका सुखरूप आहेत, भरपूर जेवतात आणि माझ्या माणसांना दिवसभर फैलावर घेतात. आता सविस्तर सांगते.

त्यांना टेम्पोत बसवायचं श्रेय तुमचंच. मी नुसती दोरी बांधली. ‘अशी बांधतात का दोरी?’ म्हणून ते वर चढले काय, इंजिनाला हातानं धरून बसले काय, आणि ड्रायव्हरनं गाडी सोडल्यावर ‘पुढच्या चौकात उतरतो’ म्हणत म्हणत अर्धा रस्ता कापला. तिथं त्यांना इंजिनामागं स्वतःची पिशवी सापडली, कपडे, दाढीचं सामान, गोळ्या, सगळं. ‘ही तुझ्या काकूची कामं!’ असं ओरडले. मग बराच वेळ रस्त्याकडे बघून हसत होते.

इथं आल्यावर गाडीकडे गेले आणि छतावर हात ठेवून उभे राहिले. मी गप्प राहिले. मला ते जमतं, तुम्हाला खोटं वाटेल. मग म्हणाले, ‘दाराच्या फटी कारखान्यापेक्षा बऱ्या आल्यात.’ काकू, माझ्या कामाला मिळालेलं इतकं मोठं सर्टिफिकेट दुसरं नाही.

मी रंगाचं विचारलं, सायीचा द्यायचा की लाल. तर म्हणाले, ‘रंग मागाहून. रंग बघायला डोळे लागतात, ते शाबूत आहेत.’ म्हणून गाडी अजून करड्या प्रायमरमध्येच आहे.

इंजिन चढवलं, नळ्या, तारा, सगळं जोडलं. काल चालू केलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं! मी आनंदानं किंचाळले. पण नुसतं सुरू झालं होतं, लंगडत होतं, सगळी गाडी थरथरत होती. काका डावा कान पुढं करून वाकले, अजून वाकले, कार्ब्युरेटरला कान भाजायचा बाकी राहिला. मग सरळ झाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. बाहेर गेले आणि टायरच्या ढिगावर बसले. मी चहा नेऊन दिला, तो तसाच ठेवला. मला वाटलं, संपलं. मी यांना ओढून आणलं आणि यांचा उरलासुरला मान घालवला.

एवढ्यात तेच उठून आत आले. म्हणाले, लांब स्क्रूड्रायव्हर दे, लाकडी मुठीचा. माझ्याकडे सगळे प्लास्टिकच्या मुठीचे. ते चालेनात. शेवटी शेजारच्या सुताराकडून आणला. काकांनी त्याचं टोक कार्ब्युरेटरच्या बुडाशी टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. डोळे मिटले. माझा एक माणूस हसायला तोंड उघडणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलंच.

बराच वेळ तसेच उभे. मग टोक दुसऱ्या कार्ब्युरेटरवर. परत पहिल्यावर. आणि एकदम मूठ तोंडातून काढून ओरडले, ‘डावा आळशी आहे! अगं, डावा मागं राहतोय!’ दातांतून कवटीत येतंय म्हणे सगळं, कानाची गरजच नाही. ‘आणि दात अजून माझेच आहेत,’ हेही सांगून झालं. मग काय विचारता! एक स्क्रू इकडे, एक तिकडे, मध्येच दातांत मूठ, मध्येच मला शिवी. हळूहळू लंगडणं थांबलं. थरथर गेली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हललं नाही. मी त्यांना मिठीच मारली, ग्रीसच्या हातांसकट. तुमचा तो निळा सदरा आता विसरा.

मी म्हटलं, काका, काय सुंदर आवाज आहे! तर म्हणतात, ‘तुला काय कळतंय, तू पत्रेवाली. मला तो दातांत कळतो, पण बाहेर कसा पडतो ते मला कुठं कळतंय? मूळ आवाज रोज ऐकलेले आम्ही तिघंच. दादा गेला, मी बहिरा. राहिली तुझी काकू, लग्नाआधी वर्कशॉपसमोरच कामाला होती. ती म्हणेल तो आवाज खरा.’

तेव्हा काकू, रविवारी सकाळी खिडकीत बसा. ते स्वतः चालवत येणार आहेत, नवे ब्रेक, नवे पाइप, सगळं मी दोनदा तपासलंय. मी मागून टेम्पोत हत्यारं घेऊन येते. त्यांनी सांगितलंय, त्यांचं मन राखायला गोड बोलायचं नाही. चुकला असेल तर चुकला म्हणायचं. वरवर बेफिकीर दाखवतात, पण कालपासून तिसऱ्यांदा विचारलंय, ‘तिला आठवत असेल ना गं?’

हातोडी

२४ मे

माझी गुणाची हातोडी,

तुझा टेम्पो रखडला, तू पोचलीस तोवर सगळं होऊन गेलं होतं. तू ‘काय झालं, काय झालं’ विचारत होतीस आणि मला हसण्यातून सांगता येईना. आता शांतपणे सांगते.

मी सकाळपासून खिडकीत होते. आधी काही आठवेना. मनात म्हटलं, इतकी वर्षं झाली, कसला आवाज नि काय, मी कसं सांगणार? आणि हे माझ्यावर विसंबून येतायत. शेवटी ठरवलं, कसाही असला तरी छान आहे म्हणायचं. मग परत वाटलं, ते ओळखतील.

आणि लांबून, पार पेट्रोलपंपाच्या पलीकडून, आला. अगं, लग्नाआधी मी तुमच्या वर्कशॉपसमोरच्या शिंप्याकडे काजं-बटणं करायची. हे दोघं भाऊ गाडी घेऊन निघाले की माझी सुई थांबायची आणि शिंपी ओरडायचा. सुई थांबायची, हे मी यांना कधी सांगितलेलं नाही. तो आवाज रस्त्यानं वर येत होता आणि मी एकदम त्या दुकानातल्या स्टुलावर बसले होते, मांडीवर कोणाचा तरी कोट घेऊन.

गाडी खाली थांबली. यांनी इंजिन चालूच ठेवलं, बाहेर उतरले आणि वर माझ्याकडे बघत राहिले. सगळ्या खिडक्यांत माणसं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला नुसतं रडू फुटलं.

यांनी मला रडताना बघितलं आणि यांना वाटलं, चुकला! चेहरा एवढासा झाला. वळले, बॉनेट उघडलं, खिशातून तो सुताराचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दातांत धरायला निघाले.

मी तशीच जिन्यावरून धावले. पायात चप्पल नाही, केस सुटलेले. त्यांची कॉलर धरली, डावा कान जवळ ओढला आणि जीव खाऊन ओरडले, ‘तोच आहे! तोच आहे हो!’

‘काय?’ म्हणाले.

‘तोच आहे!’

‘काय म्हणतेस?’

तेव्हा समोरचा न्हावी दुकानातून वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि ओरडला, ‘अहो, तोच आहे म्हणतायत!’ मग वरच्या मजल्यावरची मुलं, मग सगळी गल्लीच ओरडायला लागली. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, आणि तेव्हा कुठं त्यांना कळलं. काय हसले गं! इतक्या वर्षांत असे हसले नव्हते.

मग बॉनेट लावलं, स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, पलीकडचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, ‘मग बस की.’

मी अनवाणीच बसले.

काकू